रुख्मिणीचं राहिलेलं नाटक

माझी बायको रुख्मिणी मागच्या वर्षी कोजागरी झाल्यावर वारली. दहाव्याला पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर बरेच बसले होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, भाताकडे पाहिलं आणि परत वर जाऊन बसला. आमच्याकडे याचा अर्थ एकच. बाईचं काहीतरी राहिलं आहे. मग घरच्यांनी एकेक करून पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि शब्द द्यायचा. बरोबर शब्द निघाला की कावळा येतो.

आधी माझा मुलगा प्रवीण पुढं झाला. आई, बाबाला मी सांभाळीन, म्हणाला. कावळा जागचा हलला नाही. प्रवीणला तोही ओळखत असावा. सून पूनम म्हणाली, तुमची म्हैस विकणार नाही. काही नाही. रुख्मिणीच्या भावानं दारू सोडण्याचा शब्द दिला. त्यावर तर कावळ्यानं पाठच फिरवली. मग माझी पाळी आली आणि मला काही सुचेना. इतकी वर्षं संसार झाला, पण तिचं काय राहिलं असेल हे सांगायला तीच हवी होती. मी म्हणालो, जे राहिलं असंल ते करीन. एवढ्यावर कावळा कशाला येतो. तलाठ्याला असं बोललं तर तोही येत नाही.

महाराजांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा नाही आला तर गवताचा शिवून मोकळं व्हायचं, तशी सोय आहे. तेवढ्यात बायकांच्या मागून द्वारकाबाई उठली. द्वारकाबाई म्हणजे आमची शेजारीण आणि रुख्मिणीची माहेरापासूनची मैत्रीण. दोघी एकाच गावातून या गावात आल्या आणि जन्मभर एकमेकींची खरकटी भांडी मोजत राहिल्या. ती कमरेवर हात ठेवून बाभळीकडं पाहून म्हणाली,

"रुखमे, तुहं नाटक राह्यलं ना? तुहा बुढा दाखवन तुले. पुरं दाखवन. ये आता, लोकं उपाशी हायेत."

कावळा आला आणि अर्धा पिंड घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. मी मेहुण्याला म्हणालो की बारा वाजून गेले होते, त्याला भूक लागली असेल. त्यानं ऐकलं नाही. कोणीच ऐकलं नाही. माझ्या नावानं, मला न विचारता, कावळ्याला वायदा झाला होता.

नाटकाची गोष्ट अशी. आम्ही तरुण होतो तेव्हा नदीपल्याड, महाराष्ट्रातल्या एका गावी जत्रेत नाटक कंपनी आली होती. बैलगाडी जुंपून आम्ही गेलो, मी, रुख्मिणी आणि द्वारकाबाई. रुख्मिणीचे दिवस भरत आले होते, पण ती ऐकेना. अर्धं नाटक झालं, पडदा पडला, आणि तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी तिला गाडीत घालून दवाखान्याकडं नेलं. पहाटे प्रवीण झाला. द्वारकाबाई मात्र तिथंच राहिली आणि तिनं शेवटपर्यंत नाटक पाहिलं.

पुढं काय झालं हे रुख्मिणीनं तिला जन्मभर विचारलं, आणि द्वारकाबाईनं दर वेळी वेगळं सांगितलं. दोघींचं पटत असलं की नाटकातली बाई सुखानं नांदायची. पाण्याच्या नळावर भांडण झालं असलं की ती विहिरीत उडी घ्यायची. एकदा तर द्वारकाबाईनं तिला जोगीण करून हिमालयात पाठवली. प्रवीण काही चुकला की रुख्मिणी म्हणायची, या पोट्ट्यानं माझं नाटक अर्धं ठेवलं, आणि याच्यापेक्षा नाटक बरं होतं.

हे सगळं हसण्यावारी होतं. कावळ्यानं ते खरं केलं.

त्यानंतर घरात जे काही बिघडलं ते नाटकामुळं बिघडलं. विहिरीवरची मोटर जळली, आईचं नाटक राहिलं. म्हैस आटली, आईचं नाटक राहिलं. प्रवीणनं पिकअप गाडी खांबावर घातली तेव्हा तो मोबाइलवर बोलत होता, पण तेही नाटकावर गेलं. गावात रस्त्यानं जाताना लोक विचारायचे, काय दादाजी, झालं का नाटक? माझं नावच दादाजी आहे, त्यामुळं लहान पोरं मला मान देतात की नावानं हाक मारतात हे मला आयुष्यात कळलं नाही. या प्रश्नात मात्र मान नसायचा.

आता आमच्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात नाटक आणायचं कुठून? सिनेमा आहे. लग्नात बँड आहे. दिवाळीत गोंड लोकांचे दंडारीचे नाच असतात. मी म्हटलं, तेच दाखवतो. द्वारकाबाई म्हणाली, नाचाला नाटक म्हणायला मी काय खुळी आहे का. टीव्हीवरची मालिका? ती तर रुख्मिणी रोज पाहायची, तिची हौस फिटलेली होती. महाराजांना विचारलं. ते म्हणाले, वर्षश्राद्धाच्या आधी शब्द मोकळा झाला पाहिजे, नाहीतर राहून जातो. बाईच्या नावाची एक सुपारी घ्या. पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात, तसंच. सुपारीला नाटक दाखवा, शेजारी बसवा, आणि येताना नदीत सोडून द्या. मग तुम्ही सुटलात आणि ती पण सुटली.

सुपारी द्वारकाबाईनं निवडून आणली. रुख्मिणीच्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात बांधली आणि माझ्या बंडीच्या खिशात घातली. नाटक नव्हतं, पण सुपारी तयार होती. पावसाळाभर ती खिशात घेऊन मी फवारणी केली, निंदण केलं, वांगी बाजारात नेली.

मग पूनमनं मोबाइलवर शोधून काढलं. आदिलाबादला, कापसाच्या जुन्या जिनिंगमध्ये, काही तरुण पोरांनी नाटकघर उघडलं होतं. सरकारी नाही, कुठल्या कंपनीचं नाही, आपलं आपण चालवतात. तिनं फोन करून तीन जागा ठेवायला सांगितल्या आणि नावं दिली: दादाजी, द्वारकाबाई, रुख्मिणी. नवरात्राचे दिवस होते. प्रवीणला मंडीत वांगी पोचवायची होती, म्हणून आम्ही त्याच्याच पिकअपमधून निघालो. द्वारकाबाई पुढं, मी पुढं, सुपारी खिशात, वांगी मागं. वाटेत ती एकच चिंता करत होती. हे खरंच नाटक निघालं नाही तर? शहरातली पोरं, त्यांचा काय भरवसा. मी म्हटलं, पडदा असो नसो, दोन माणसं उभी राहून बोलली तरी मी नाटक धरीन. मला हे एकदाचं संपवायचं होतं.

जिनिंग मी चांगलं ओळखत होतो. निजामाच्या काळातलं बांधकाम, जाड भिंती, वर पत्रा, दाराच्या कमानीवर उर्दू अक्षरं. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही इथं कापूस आणायचो. गाड्यांची रांग लागायची आणि एकेकदा रात्र तिथंच काढावी लागायची. रुख्मिणी गाडीतल्या कापसावरच झोपायची, ऊब असते म्हणून. सकाळी उठली की केसात सगळी रुई. मी म्हणायचो, बुढी झाली रे माझी बायको एका रात्रीत. ती म्हणायची, तुम्ही काय जवान राहिले का, आरसा नाही म्हणून बोलता.

दारात एक मुलगी उभी होती, भाग्यलक्ष्मी. ती तिथली मुख्य. मंचेरियलची, बाप कोळसा खाणीत होता, हैदराबादला नाटकाचं शिकून इकडं आली. मराठी बाजारात शिकलेली, तेलुगूच्या चालीवर बोलायची, पण बोलायची. तिनं आम्हाला आत नेऊन सगळं दाखवलं. इथं पूर्वी शेतकरी कापूस आणायचे, असं तिनं मला सांगितलं. मी हो म्हटलं. सरकी आणि रुई इथं वेगळी व्हायची. मी म्हटलं, असं का. एवढ्या आपुलकीनं सांगत होती की मध्ये बोलणं बरं वाटलं नाही. भिंतीचा गिलावा पडला होता तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. त्यातून काळ दिसतो, म्हणाली. आमच्या घरी मागच्या भिंतीतून तसाच काळ दिसतो आणि पूनम त्यापायी वर्षभर माझ्या मागं लागली आहे. खुर्च्यांतही एकीसारखी दुसरी नव्हती. कुठल्या शाळेतली बाकं, बंद पडलेल्या सिनेमा टॉकीजच्या खुर्च्या, एक न्हाव्याची. मी विचारलं, सारख्या मिळाल्या नाहीत का. ती म्हणाली, सारख्या घ्यायच्याच नव्हत्या.

द्वारकाबाईनं मला कोपरानं टोचलं. "पडदा नाई, भाऊजी."

मी म्हटलं, असंल मागं कुठंतरी.

आम्ही टॉकीजच्या तीन खुर्च्यांवर बसलो. मी एका कडेला, द्वारकाबाई दुसऱ्या कडेला. बाईशेजारी बाई हवी आणि नवऱ्याशेजारी बायको, म्हणून रुख्मिणी मध्ये. मी खिशातून सुपारी काढली आणि खुर्चीच्या मधोमध ठेवली. खुर्ची उताराची होती, सुपारी मागं घरंगळली. द्वारकाबाई म्हणाली, टेकून बसली.

लोक थोडेच होते. मास्तर लोक, एक-दोन बँकेतले, कॉलेजची मुलं. वेळ झाली तरी सुरू होईना. भाग्यलक्ष्मी हातात मोबाइल घेऊन पुढं आली आणि म्हणाली की आमचं नाटकघर लहान आहे, येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नावानं ओळखतो, आणि एकही माणूस यायचं राहिलं असेल तर आम्ही सुरू करत नाही. हा आमचा नियम आहे. सगळ्यांना ते आवडलं. मग ती दाराकडं गेली आणि बाहेर तोंड करून, नावापुढं तेलुगूतलं मानाचं गारू लावून, मोठ्यानं हाक मारली,

"रुख्मिणी गारू! रुख्मिणी गारू आल्या का?"

वर्षभरात तिचं नाव असं कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. घरात सगळे आई म्हणतात, गावात प्रवीणची माय म्हणतात. श्राद्धाच्या बोलण्यात तर ती बाईच झाली होती. पत्र्याखाली ते नाव घुमलं.

भाग्यलक्ष्मी परत आली आणि मला म्हणाली, "काका, तुमची तिसरी मानूस कुठं पोचली? फोन लावा ना. आमी थांबतो." सगळे माझ्याकडं वळले. बँकेतला एक भला माणूस म्हणाला की बाई बसस्टँडवर असतील तर तो मोटरसायकलवर घेऊन येईल. दुसरा म्हणाला, एकटी बाई, संध्याकाळची वेळ, लवकर जा. त्यानं किल्ली पण काढली. आपल्या देशात माणुसकी उरली नाही असं म्हणतात, पण ती नको तेव्हा हजर असते. मी द्वारकाबाईकडं पाहिलं. ती वर पत्र्याखालच्या लाकडी कैच्यांकडं पाहत होती, जसा काही तिचा आमच्याशी संबंधच नाही.

खरं सांगायला दोनच शब्द लागले असते. ते मी वर्षभर लोकांना सांगतच होतो, रेशन दुकानात, बँकेत, पेन्शनच्या कागदावर. पण ते लोक तिची वाट पाहत बसले होते. मला ते सांगवेना.

मी म्हणालो, "आली ती. करा सुरू."

भाग्यलक्ष्मीनं मधल्या खुर्चीकडं पाहिलं. सुपारी पाहिली, लुगड्याची चिंधी पाहिली. काही विचारलं नाही. किल्लीवाल्याला खाली बसायला सांगितलं आणि दिवे घालवले.

आता नाटक. ते तीन भाषांत आहे असं बाहेर फळ्यावर लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यात एवढं कमी बोलणं होतं की एकच भाषा नीट वापरली असती तरी पुरली असती. एक म्हातारा आणि एक म्हातारी. दोघं तरुण पोरंच, केसांना पांढरं लावलेलं. तो बाजेवर बसलेला. ती स्टोव्हवर चहा ठेवते. खरा स्टोव्ह, खरा चहा, वास येत होता. चहाला उकळी येईपर्यंत कोणी बोलत नाही. मग ती एक कप त्याला देते, एक स्वतःजवळ ठेवते. तो फुर्र करून पितो. ती म्हणते, साखर झाली का? तो म्हणतो, हं. पुन्हा गप्प.

लोक फार हळहळत होते. माझ्या मागचा मास्तर बायकोच्या कानात म्हणाला, किती भयंकर आहे, दोघांमध्ये संवादच उरला नाही. मला त्यात काही भयंकर दिसेना. साखर झाली का, हं, याच्यापुढं आणखी काय बोलायचं असतं? आमच्या घरी याला संसार म्हणत.

द्वारकाबाईला मात्र राहवेना. गाणं काऊन नाई म्हणून राह्यले, असं तिनं विचारलं. मग, हे चहा आपल्याला पण देनार का. मग वर पत्र्याखाली कबुतर फडफडलं तेव्हा, कबुतर शिवलं तर चालते का. मी नाही म्हटलं. कुठल्याशा ऑफिसातला एक साहेब, यादीत नाव नसलेला, उशिरा आला आणि अंधारात चाचपडत रुख्मिणीच्या खुर्चीत बसायला लागला. द्वारकाबाईनं त्याला धोतर असतं तर धोतर धरून ओढलं असतं. पँट होती म्हणून पट्टा धरला. "मानूस हाय तिथं," म्हणाली. तो खुर्चीकडं पाहून माफी मागून गेला.

मीही बोलत होतो. ते मला आधी कळलंच नाही. म्हातारीनं साखरेचा डबा उंचावर ठेवला तेव्हा मी हळूच म्हणालो, पाह्यलं का, तुह्यासारखीच ठेवते, मुंग्यांच्या भ्यानं. म्हातारा कपातला शेवटचा घोट ठेवून देतो तेव्हा म्हणालो, हे माझंच शिकला. मधल्या खुर्चीकडं तोंड करून, जसं सिनेमात बोलायचो. मग लक्षात आलं आणि मी गप्प झालो. थोड्या वेळानं पुन्हा बोलायला लागलो.

तेवढ्यात म्हातारी उठली. पदर सारखा केला. मागच्या बाजूला जिनिंगचं ते मोठं दार होतं, ज्यातून रुईच्या गाठी बाहेर काढायचे. तिनं ते ढकललं. बाहेर खरा रस्ता. ऑटो, रस्त्यावरचे दिवे, पलीकडं बायका नवरात्रातल्या बतुकम्माची फुलं मांडून फेर धरत होत्या, गाणी ऐकू येत होती. म्हातारी पायऱ्या उतरली आणि रस्त्यानं चालायला लागली. आम्हाला ती दूरपर्यंत दिसली. कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती, तिथून वळली आणि दिसेनाशी झाली.

तिचा कप तसाच भरलेला होता. म्हातारा दाराकडं पाहत बसला. किती वेळ बसला कोण जाणे. चहावर साय धरली असेल तोवर. मग दिवे गेले, परत आले, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हातारा उठून वाकला. म्हातारी वाकायला पण आली नाही. मी दाराकडं पाहत होतो. ती काही आली नाही.

शेजारी द्वारकाबाई पदरानं नाक पुसत होती. ती रडत होती. पडदा नाही, गाणं नाही म्हणून संध्याकाळभर कुरकुरणारी बाई म्हणाली,

"झालं बाई. रुखमे, झालं तुहं नाटक. उचला ते सुपारी, भाऊजी."

मी म्हटलं, "काय झालं? अर्धंच हाय हे."

"पुरं हाय. लोकं टाळ्या वाजवून राह्यले ना."

"लोकायचं काय. ते बाई गेली कुठं? मंग पुढं काय झालं?"

"पुढं काय रायते? बाई गेली, का संपलं."

"बाई गेली म्हनून संपलं कसं?" मी म्हणालो. "बुढा बसून हाय ना अजून."

हे मी जरा मोठ्यानं बोललो असेन. टाळ्या थांबल्या होत्या. भाग्यलक्ष्मी तिथंच उभी होती. आमचं नाटक झालं की आम्ही लोकांचं मत घेतो, म्हणाली, तर काकांनी पुन्हा एकदा सगळ्यांना सांगावं. मी म्हटलं, मत कसलं, हे नाटक पुरं नाही, हे मी पुरं धरणार नाही. ती खूश झाली. मास्तर म्हणाला, वा. बँकेतला माणूस म्हणाला, अगदी मुद्द्याचं. ज्यानं म्हाताऱ्याचं काम केलं होतं तो पोरगा येऊन माझ्या पाया पडला. तीन महिने तालीम केली, पण हे कोणी ओळखलं नव्हतं, म्हणाला. मी तक्रार करत होतो. ती कोणी तक्रार म्हणून घेईना. मागून कळलं की ते वाक्य त्यांनी बाहेरच्या फळ्यावर लिहिलं आहे, खाली माझं नाव आणि गाव.

मी सुपारी उचलून खिशात टाकली.

प्रवीण पिकअप घेऊन बाहेर उभा होता. त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं, झालं का? मी नाही म्हणालो. द्वारकाबाई हो म्हणाली. गावापर्यंत दोघं तेच म्हणत राहिलो. जाताना वाटभर जिला ते नाटक ठरत नव्हतं तिला आता ते शंभर टक्के पुरं वाटत होतं, आणि दोन माणसं उभी राहिली तरी चालतील म्हणणारा मी तंटा करत होतो. प्रवीणला कोणाचं ऐकावं कळेना. त्यानं आपल्या मतानं गाडी नदीकडं घेतली, घाटावर उभी केली आणि पुढच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर सोडला.

मी उतरलो. पैनगंगा भरून वाहत होती. खिशात हात घातला. चिंधी मऊ झाली होती, पावसाळाभर घामानं. द्वारकाबाई मागून म्हणाली, "सोडा भाऊजी, किती ताटकळत ठेवता तिले."

मी म्हणालो, कबूल काय केलं होतं? पुरं दाखवीन. तुमच्याच तोंडचा शब्द आहे. अर्धं तर तिनं तेव्हाच पाहिलं होतं, आता आणखी एक अर्धं पाहिलं. दोन अर्ध्यांचं एक पुरं होत नाही, नाटकं वेगळी आहेत. द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला. आयुष्यभर नुसत्या अंदाजानं पेरणी केली, आणि आता बुढा वकील झाला, असं काहीतरी प्रवीणला म्हणाली. पण शब्द तिचाच होता. मी परत गाडीत बसलो.

वर्षश्राद्ध झालं. घरात सगळ्यांच्या तोंडावर काळजी. पूनमनं महाराजांना आधीच सांगून ठेवलं होतं की नाटकाचा वाद मिटलेला नाही, दर्भ जास्तीचा आणा. नदीकाठी पान ठेवलं. मी हात जोडायला वाकलो, अजून सरळ उभा पण राहिलो नव्हतो, आणि कावळा आला. कोणी काही कबूल केलं नाही, कोणी पुढं झालं नाही. सरळ पानावर उतरला आणि खायला लागला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. प्रवीणचे डोळे भरले. महाराजांनी दर्भ पिशवीत परत ठेवला. द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं पाहत होती.

"पाहा," ती म्हणाली. "तिचं झालं."

मागच्या वर्षी मी म्हणालो होतो की कावळ्याला भूक लागली असेल. या वर्षीही तेच म्हणायचं मनात होतं. पण तो इतक्या सहज आला होता, मला खरं म्हणजे थोडा रागच आला. निदान एकदा बाभळीवर परत जायचं. एकदा माझ्याकडं पाहायचं.

मी म्हणालो, "तिचं झालं असन."

घरी जेवणं झाली, पाहुणे गेले. पूनम भांडी आवरत होती. तिच्याकडून मोबाइल मागून घेतला आणि भाग्यलक्ष्मीला फोन लावायला सांगितला. भाग्यलक्ष्मीनं आवाज ओळखला. म्हणाली, काका, दिवाळीनंतर नवीन नाटक आहे, या वेळी गाणी पण आहेत, द्वारकाबाईंना सांगा. मी विचारलं, पुरं आहे का? ती हसली, म्हणाली, तुम्ही येऊन ठरवा.

मी म्हटलं, दोन जागा ठेव.

तिनं विचारलं, तुम्ही आणि द्वारकाबाई ना?

मी म्हटलं, द्वारकाबाई येणार नाही.

मग ती म्हणाली, बरं काका, नावं लिहून घेते. आणि मी न सांगता तिनं दोन्ही नावं बरोबर वाचून दाखवली.